कललेले घर

चित्रातले घर निदान सरळ उभे असावे, एवढीच आपली माफक अपेक्षा असते. आमच्या वर्ध्याच्या बैठकीत पोल सेझानच्या एका चित्राची प्रत टांगली आहे. दिवाळीच्या फराळाला आलेले आप्तेष्ट हटकून म्हणतात, "भाऊ, तसबीर वाकडी बसली वाटते!" तसबीर सरळच आहे, कलले आहे ते तिच्यातले घर.

मूळ चित्र प्रागच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात आहे. 1885 नंतरच्या काही वर्षांत काढलेले. फ्रान्समधील एक्स गावाजवळचे हे घर सेझानच्या वडिलांनी 1859 साली विकत घेतले होते. डावीकडे उंच, पिवळसर घर, उजवीकडे शेतीच्या बुटक्या इमारती, पुढे गवत. माणूस एकही नाही.

सेझानला रेखाटन जमत नसे, हा आक्षेप जुना आहे. पण उजवीकडच्या इमारती पाहा, कशा घट्ट बसल्या आहेत! ज्याला गोठा सरळ काढता येतो त्याला घर येत नाही, हे मला पटत नाही. मोने आणि त्याचे सोबती क्षणाचा उजेड टिपीत. सेझानला वस्तूचे वजन हवे होते. आता वजन दाखवायचे तर गवंड्याचा ओळंबा पुरत नाही.

आपल्याकडे हे उमजले सय्यद हैदर रझांना. 1939 ते 1943 ते इथून जवळच, नागपूरला चित्रकला शिकत होते. 1948 साली काश्मिरात छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांना सांगितले, रंग आहेत पण बांधणी नाही, सेझान पाहा. 1950 साली रझा पॅरिसला गेले. त्यानंतरची त्यांची फ्रेंच गावांची चित्रे बांधणीला पक्की आहेत, पण त्या घरांत कोणी राहिले असेल असे मला वाटत नाही. सेझानच्या घरात वाटते.

गेल्या वर्षी आर्वीकडचे आमचे कवेलूचे घर विकले. पुतण्याने त्याआधी फोटो काढून ठेवले, अगदी ओळंब्यात. आईने ते पाहिले आणि बाजूला ठेवले. "हे आपलं नाही. आपलं गोठ्याकडे झुकलं होतं."

सेझानच्या आईमागे दोन वर्षांनी, 1899 साली, तेही घर विकले गेले. हे मी आईला सांगितले, तेव्हा ती बराच वेळ चित्रासमोर उभी होती. मग म्हणाली, "यांचाही ओटा खचला होता का रे?"