गॉन्टलेट : भूक सर्वांची, वाटप कोणाचं?

सातारा-सांगलीच्या श्रोत्यांपुढे ‘सहकार’ हा शब्द जपूनच उच्चारावा लागतो. कारखाना, दूध संघ, सोसायटी, हे सगळं तुमच्या रोजच्या जगण्यातलं आहे. आज आपल्याला एका व्हिडिओ गेममधला सहकार तपासायचा आहे. गेमचं नाव ‘गॉन्टलेट’. एड लॉग यांनी रचलेला हा खेळ अटारीने १९८५ मध्ये नाणं टाकून चालणाऱ्या यंत्रावर आणला. एक-दोन वर्षांतच तो झेडएक्स स्पेक्ट्रम, कमोडोर ६४ अशा घरगुती संगणकांवरही आला.

खेळ साधा आहे. वरून दिसणारं भुयार, त्यात योद्धा, वाल्किरी, जादूगार आणि एल्फ असे चौघं. भुतं-राक्षस जिथून निघतात ती ठिकाणं फोडायची, किल्ल्या गोळा करायच्या, बाहेरची वाट शोधायची. पडदा चौघांचा एकच, त्यामुळे एक मागे रेंगाळला की बाकीचे अडतात. आमच्या मते खेळाचं मर्म मात्र लढाईत नाही, भुकेत आहे. तुम्ही नुसते उभे राहिलात तरी तुमची ताकद सेकंदासेकंदाला उतरते. अन्न सापडलं तर ती १०० ने वाढते. पण ते ज्याने आधी गाठलं त्याचंच. काही अन्न तर चुकून लागलेल्या बाणानेही नष्ट होतं. कोणाची ताकद संपत आली की यंत्रच मोठ्याने सांगतं, जादूगाराला अन्न हवंय.

आता बघा, यंत्र भूक जाहीर करतं, पण वाटपाबद्दल अक्षर बोलत नाही. गुण ज्याचे त्याचे वेगळे. पुढे पुढे तर सोबत्याचा बाण सोबत्यालाच लागू शकतो. मग याला सहकार म्हणायचं कसं?

इथे थोडं मागे जाऊ. १९८३ मध्ये ‘डँडी’ नावाचा खेळ आला होता. एमआयटीतल्या जॉन पालेविच या विद्यार्थ्याने तो पदवीच्या प्रबंधासाठी लिहिला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची आद्याक्षरं जोडून नाव झालं डँडी. अटारी ८०० संगणकाला चार जॉयस्टिक लागत, म्हणून चौघं एकत्र बसत. त्या खेळात हृदयाचं चिन्ह मिळालं की मेलेला सोबती पुन्हा उभा राहत असे. गॉन्टलेट याच वाटेने गेला. पण नाण्याच्या यंत्रावर मेलेल्याला उठवतं कोण? त्याचाच खिसा! नाणं टाका, ताकद घ्या. म्हणजे भूक सामुदायिक आणि इलाज खासगी. ज्याच्या खिशात नाणी जास्त, तो जास्त टिकणार. रचनाकाराने भूक घातली ती नुसती गोष्ट रंगवायला नव्हे, त्यावर धंदाही उभा होता, हे विसरून चालणार नाही.

म्हणून आम्हाला घरगुती आवृत्ती विचाराच्या दृष्टीने सरस वाटते. चित्रं ओबडधोबड, चौघांऐवजी बहुधा दोघंच. पण नाण्याची फट नाही. भूक तीच, अन्न तेवढंच. आता शेजारी बसलेल्याला तोंडाने विचारावं लागतं: “तुझी किती उरली? मग हे तू घे.” हे वाक्य प्रोग्राममध्ये कुठेही लिहिलेलं नाही. ते खेळणाऱ्यांनी आपसात ठरवायचं असतं.

याला आपल्याकडे मोठं उदाहरण आहे. खानापूर तालुक्यात येरळेवर तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी बळीराजा धरण उभं केलं. तिथे पाण्याचा वाटा जमिनीच्या मापावर न ठरवता कुटुंबावर ठरवला. भूमिहीनालाही वाटा धरला. पाणी कमी होतं म्हणून आपोआप सहकार झाला का? नाही. टंचाईने फार तर माणसं एका जागी आणली. सहकार सुरू झाला तो वाट्याचा नियम ठरला तेव्हा.

तेव्हा आमचा अभिप्राय असा. गॉन्टलेट सहकार शिकवत नाही. तो सहकाराची गरज तयार करतो आणि नियमाची जागा रिकामी ठेवतो. ती जागा नाण्याने भरायची की बोलण्याने, हे खेळणाऱ्यांवर सोडतो. खेळाचा हा दोषही आहे आणि मोठेपणही. चार माणसं एका पडद्यापाशी आली एवढ्यावरून कोणी ‘सहकारी’ असा शिक्का मारत असेल, मग तो खेळावर असो की संस्थेवर, तर आपण एवढंच विचारावं: ताकद उतरू लागली की पहिला घास कोणाला, आणि ते ठरवलं कोणी?