पदकाची मागची बाजू

व्हिक्टोरिया क्रॉस सोन्याचा नसतो, चांदीचाही नसतो. एका जगभर पसरलेल्या साम्राज्याने शौर्यासाठी दिलेलं सर्वांत मोठं पदक साध्या ब्राँझचं आहे. उंची ४१ मिलीमीटर, रुंदी ३६, वजन २७ ग्रॅमच्या आसपास. नुसत्या धातूचा भाव केला तर त्या पैशात माणगावच्या स्टँडसमोर मिसळपावही मिळणार नाही. दागिना म्हणून पाहिलं तर पदक काहीसं ओबडधोबडच आहे. काळपट तपकिरी रंग, टोकांकडे रुंद होत गेलेल्या चार भुजा, मधोमध मुकुटावर उभा सिंह आणि त्याखाली पट्टीवर दोनच इंग्रजी शब्द, ‘फॉर व्हेलर’. शौर्यासाठी, एवढंच. आधीच्या मसुद्यात ‘शूरांसाठी’ अशा अर्थाचे शब्द होते. राणी व्हिक्टोरियाने ते बदलायला लावले. एकाला शूर म्हटलं की उरलेल्या शिपायांचं काय, हा तिचा आक्षेप होता. राणीविषयी आपलं मत काहीही असो, संपादक म्हणून ती चोख होती. त्या एका बदलाने पदकाचा रोख माणसावरून कृतीवर गेला.

असं एक पदक माणगाव तालुक्याच्या वाट्याला आलं आहे. पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीची तिसरी पलटण. तहसील कार्यालयाच्या आवारात त्यांचा पुतळा आहे आणि दाखल्यांसाठी आलेली माणसं त्याच्यासमोरून ये-जा करत असतात. पुतळा लांबूनही दिसतो, पदक मात्र हातात घेऊन उलटंपालटं करत वाचायची वस्तू आहे. म्हणून इथे पुतळा बाजूला ठेवून पदकच वाचायचं आहे.

वाचनाची सुरुवात धातूपासून करावी लागते, कारण या पदकाची निम्मी कीर्ती धातूचीच आहे. २९ जानेवारी १८५६ रोजी राणीने हा सन्मान सुरू केला, तेव्हा क्रिमियाचं युद्ध संपत आलं होतं. सेव्हास्तोपोलला रशियनांकडून हस्तगत केलेल्या तोफांच्या धातूतून पदकं घडवली जातात, अशी समजूत रुजली. घडवण्याचं काम लंडनच्या हॅनकॉक्स या जवाहिऱ्यांकडे गेलं आणि आजही त्यांच्याकडेच आहे. तोफेचा कोणता भाग यासाठी कापला, ते पाहण्यासारखं आहे. गोळा जिथून सुटतो ते तोंड घेतलेलं नाही. अगदी मागच्या टोकाला जो गोल गड्डा असतो, ज्याला दोर अडकवून तोफ आवरतात, तो घेतला आहे. तोफेच्या या भागाने कधी कुणाला मारलेलं नसतं.

पुढची गंमत अशी की ज्या दोन तोफांचे गड्डे कापले गेल्याचं सांगतात, त्या लंडनजवळ वुलिचला ठेवलेल्या होत्या आणि त्या घडणीने रशियन नाहीतच, चिनी आहेत. पुढे पदकांच्या धातूची तपासणी झाली, तेव्हा सगळी पदकं एकाच तोफेच्या पोटची नाहीत हेही स्पष्ट झालं. रशियावरच्या विजयाची निशाणी म्हणून मिरवलेला धातू चीनमध्ये ओतलेला, आणि तोही सगळ्या पदकांत सारखा नाही. एखाद्या संग्राहकाचा यावर भ्रमनिरास होईल. मला मात्र पदक इथूनच खरं वाचनीय वाटू लागतं. धातूची कथा डळमळली तरी पदकाची किंमत तसूभरही कमी झालेली नाही. मग तिचा आधार कुठे आहे?

त्याआधी १० जुलै १९४४ चा दिवस पाहायला हवा. इटलीत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात घाडग्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. तुकडीचे सगळे जवान मेले तरी किंवा जखमी तरी झाले, उभे राहिले फक्त नाईक. ते एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद केले. टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. म्हणून त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपून मारलं. त्यानंतर शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि ते त्याच ठाण्यात पडले. वय बावीस.

नळीकडून धरलेली बंदूक आणि मागच्या टोकाकडून कापलेली तोफ, दोन्हीकडे हत्यार उलटं झालेलं आहे. पदक घडवणाऱ्यांनी काही हा योग जुळवून आणलेला नव्हता. पण वाचकाने तो पाहू नये असं थोडंच आहे!

युद्धातला धातू कापून, वितळवून आठवण म्हणून जवळ ठेवायचा हा शौक आजही जोरात आहे. कॅलिफोर्नियातली मोटोआर्ट आणि जर्मनीत कोलोनची एव्हिएशनटॅग या कंपन्या निवृत्त विमानांचा पत्रा कापून बॅगेला अडकवायच्या चिठ्ठीएवढे तुकडे करतात, त्यावर विमानाचा प्रकार आणि तुकड्याचा क्रमांक कोरतात आणि विकतात. प्रवासी विमानं असतात तशी लढाऊही. या तुकड्यांत वाचण्यासारखा असतो तो रंग. मूळ रंगाचे पोपडे, खरचटलेल्या रेघा, कधी रिव्हेटचं भोक. तांबं मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा तो पातळ पत्रा उन्हापावसात जे भोगतो, ते त्याच्या अंगावर उमटलेलं असतं. चंदीगडला २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ विमानं हवाईदलातून निवृत्त झाली. त्यांतली कित्येक नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात बांधलेली होती. त्या पत्र्याचा तुकडा ओझरमध्ये हयात घालवलेल्या एखाद्या फिटरच्या हाती आला, तर तो आधी रिव्हेटची ओळ सरळ आहे की नाही ते बघेल. असं वाचन दुसऱ्या कुणाला जमायचं नाही.

पण या तुकड्यांचं सगळं सत्त्व पत्र्यातच आहे. पत्रा त्या विमानाचा नाही असं ठरलं, की हातात उरतो तो रंगीत टवका.

विक्रांतचं उदाहरण आपल्या आणखी जवळचं. विमानं वाहणारी ही युद्धनौका ४ मार्च १९६१ रोजी सेवेत आली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. पुढे काही वर्षं मुंबईच्या लोकांनी ती वस्तुसंग्रहालय म्हणून पाहिली. जहाज वाचावं म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तरी २०१४ मध्ये ते मोडीत निघालंच. त्यातलं काही पोलाद पुण्याच्या बजाज ऑटोने घेतलं आणि २०१६ मध्ये ‘बजाज व्ही’ ही मोटारसायकल बाजारात आणली. तिच्या पेट्रोलच्या टाकीत विक्रांतचा धातू असल्याचं जाहिरातीत अभिमानाने सांगितलं जाई. माणगावातून महामार्गाने उत्तरेला गेलं की जिथे जहाज तुटलं ती मुंबई, ताम्हिणी घाट चढून गेलं की जिथे गाडीची कल्पना निघाली ते पुणे, आणि दक्षिणेला उतरत गेलं की गोव्याचं नौदल विमान संग्रहालय. तिथे सी हॉक अख्खं उभं आहे, न कापलेलं, न वितळवलेलं.

मोटारसायकलची कल्पना मला आवडली होती, आजही आवडते. युद्धनौकेचा अंश काचेच्या कपाटात न जाता खड्ड्यांतून, चिखलातून, भाताच्या पोत्यांसकट धावला, यात जिवंतपणा आहे. पण रसग्रहणाला तिथे फार काही सापडत नाही. भट्टीत गेलेल्या पोलादाला आठवण राहत नाही. गंज, रंगाचे थर, खलाशांच्या बुटांनी झिजलेल्या कडा, सगळं वितळून एकसारखं झालं. उरला तो कंपनीचा शब्द, आणि त्यावर विश्वास ठेवण्यावाचून आपल्या हाती काही नाही.

आपल्याकडे युद्धातला धातू जपण्याची जुनी आणि माझ्या मते अधिक समंजस रीत होती. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देशावर आणल्या आणि देवळांत टांगल्या. मेणवलीला आहे, भीमाशंकरला आहे, नाशिकच्या नारोशंकर मंदिराला आहे. त्या कुणी वितळवल्या नाहीत, घासून कोऱ्याही केल्या नाहीत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी अजून दिसते. जिंकलेल्याची खूण आणि हरलेल्याची खूण एकाच धातूवर नांदते आहे.

व्हिक्टोरिया क्रॉसचा धातूही वितळवलेला असतो, म्हणजे स्मरणशक्ती गेलेलाच. त्याला ती परत दिली जाते पदकाच्या मागच्या बाजूला. समोरून सगळे क्रॉस एकसारखे, राजपुत्राचा काय आणि खलाशाचा काय. उलटवला की वरच्या आडव्या पट्टीच्या पाठीवर पराक्रम करणाऱ्याचा हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि क्रॉसच्या मधल्या वर्तुळात त्या कृतीची तारीख. सिंह, मुकुट, राणीने निवडलेले शब्द हे सगळं साम्राज्याचं. मागची बाजू तेवढी त्या माणसाची. लिलावात या पदकांना लाखो पौंड मिळतात, तेही मागे कुणाचं नाव आहे आणि त्या नावाने काय केलं यावर ठरतं. तोफ रशियन की चिनी, हे विचारायला कुणी थांबत नाही.

समोरच्या बाजूचा इतिहास भारतीय वाचकाने विसरू नये. पहिली ६२ पदकं राणीने हाइड पार्कात स्वतः लावली तो दिवस २६ जून १८५७ चा, म्हणजे इकडे उत्तर हिंदुस्थान पेटलेला असताना. तो उठाव चिरडण्यासाठी हीच पदकं पुढे शेकड्याच्या हिशेबाने वाटली गेली. हिंदी शिपाई मात्र या पदकाला पात्र ठरला तो थेट १९११ मध्ये. तेहतीस वर्षांनी त्या सिंहामागे पळसगावच्या तरुणाचं नाव कोरलं गेलं. सिंह ज्याचा त्याला लखलाभ. नाव घाडग्यांचं आहे.

त्यांची समाधी कुठेच नाही. इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर, ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशांच्या यादीत त्यांचं नाव आहे. २०२३ च्या जुलैमध्ये पेरुजिया प्रांतातल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाचं एक सूर्यघड्याळ उभारलं. तिथे तोफेचा धातू शोधायला कुणी गेलं नव्हतं.