नदीला बागेत जागा किती?

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जिची सहल कधी गेली नाही, अशी शाळा मुंबईच्या उपनगरांत क्वचितच सापडेल. परत आल्यावर मुलांना निबंध लिहायला सांगितला, की त्यात वनराणी गाडी असते, कान्हेरीची लेणी असतात, गांधी टेकडी असते, नौकाविहार असतो. नदी मात्र सहसा नसते. आपण ज्या पाण्यात होडी वल्हवली ते दहिसर नदीचेच अडवलेले पाणी होते, हे कळल्यावर मुलेच काय, आम्ही शिक्षकसुद्धा चकित होतो.

नदी समोर असून ती न दिसणे हा केवळ सहलीचा दोष नव्हे. नदीकाठच्या बागा आखणाऱ्यांकडूनही बहुधा हेच होते. जागेचे पहिले निरीक्षण हिवाळ्यात होते, तेव्हा पात्रात घोटाभर पाणी असते. मग काठाने भिंत, भिंतीवर कठडा, कठड्यालगत फरशीची पायवाट, थोडी हिरवळ आणि चार बाके असा आराखडा तयार होतो. कागदावर तो सुबक दिसतो. अशा आराखड्यात नदी मागच्या पडद्यासारखी असते. बाग नदीच्या काठी असते, पण नदीसाठी नसते. हे का चुकते ते तपासून पाहू या.

जागेवर काही उभारण्याआधी जागा वाचावी लागते. इयान मॅकहार्ग यांनी १९६९ साली 'डिझाइन विथ नेचर' या पुस्तकात त्याची एक सोपी रीत मांडली. उतार, माती, पाणी, झाडोरा, वस्ती यांचे नकाशे वेगवेगळ्या पारदर्शक कागदांवर काढायचे आणि एकावर एक ठेवायचे. कुठे बांधावे आणि कुठे मुळीच बांधू नये, हे त्यातून दिसू लागते. हीच रीत दहिसर नदीला लावू.

पहिला कागद उताराचा. ही नदी तुळशी तलावाच्या परिसरातील डोंगरात उगम पावते आणि सुमारे १२ किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. नदी आखूड, माथ्यावर डोंगर आणि पायथ्याशी दाट वस्ती. त्यामुळे डोंगरावर कोसळलेला पाऊस काही तासांतच खाली येतो. खाडीला त्याच वेळी भरती असेल, तर पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. गोदावरी-कृष्णेचा पूर येताना बातमी आधी पोहोचते. इथे पूर आणि बातमी एकदमच येतात.

दुसरा कागद पावसाचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला पडला सुमारे ७४ मिलिमीटर. म्हणजे 'मुंबईचा सरासरी पाऊस' धरून उपनगरातील नदीकाठाची रचना करणे धोक्याचे आहे. ९४४ मिलिमीटर म्हणजे किती, हे मुलांना आकड्यावरून समजत नाही. त्यासाठी एक हिशेब करून पाहावा. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी साचले तर ते होते १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर. गल्लीत येणारा पाण्याचा मोठा टँकर साधारण एवढाच असतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी एक टँकर! त्या दिवशी सांताक्रूझच्या प्रत्येक हेक्टरवर ९४४ टँकर रिते झाले.

तिसरा कागद जमिनीच्या आवरणाचा. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेल्या होत्या. त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असेही गृहीत होते. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ही क्षमता तासाला ५० मिलिमीटर करावी आणि सगळे पाणी वाहूनच जाईल असे धरावे, अशी शिफारस केली. हेक्टरी हिशेब केला तर जुन्या गृहीतानुसार तासाला साडेबारा टँकर, नव्यानुसार ५०. म्हणजे चौपट! पाऊस दुप्पट धरला म्हणून दुप्पट आणि माती झाकली गेली म्हणून आणखी दुप्पट. यातली दुसरी दुप्पट आकाशातून आलेली नाही, ती आपण केलेली आहे. नदीकाठच्या बागेत सिमेंटवर बसवलेली प्रत्येक फरशी तिच्यात भर घालते.

आता भिंतीचा विचार करू. २००५ नंतर उपनगरांतील नद्यांच्या काठी ठिकठिकाणी संरक्षक भिंती उभ्या राहिल्या, पात्रे खोल-रुंद केली गेली. ज्यांच्या घरात छातीएवढे पाणी शिरले होते त्यांना भिंत नको, असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण भिंत पूर संपवत नाही, तो पुढे ढकलते. प्रवाहाचा वेग काढताना अभियंते पात्राच्या खडबडीतपणाचा अंक वापरतात. सिमेंटच्या पात्रासाठी तो साधारण ०.०१५ असतो, गोटे आणि झुडपे असलेल्या पात्रासाठी ०.०३५ किंवा त्याहून जास्त. खोली आणि उतार तेच असतील तर वेग या अंकाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे गुळगुळीत पात्रातून पाणी दुपटीहून अधिक वेगाने धावते. वरच्या वस्तीची सुटका लवकर होते आणि खालच्या वस्तीवर पाणी लवकर आदळते. भिंत कुठे हवी याचे उत्तर म्हणूनच एका वॉर्डाचा नकाशा पाहून देता येत नाही, त्यासाठी सगळी नदी पाहावी लागते.

मग बागेने काय करावे? सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ बागेचे उदाहरण बोलके आहे. तिथे कल्लांग नदी सुमारे २.७ किलोमीटरच्या सरळ सिमेंटी कालव्यात कोंडलेली होती. २०१२ साली पूर्ण झालेल्या कामात तो कालवा काढून नदीला पुन्हा वळणे दिली गेली आणि काठाची हिरवळ उताराची ठेवली गेली. एरवी तिथे मुले खेळतात, मोठा पाऊस झाला की तीच हिरवळ नदीचे पात्र होते. पाणी आत येऊ नये म्हणून झटणारी बाग आणि पाणी आत आले तरी चालेल अशी बाग, हा फरक इथे नेमका दिसतो. मैदान तीन तास पाण्याखाली राहू शकते, घर राहू शकत नाही.

सोलमधील २००५ सालचा च्योंगग्येचॉन प्रवाह याच्या शेजारी ठेवून पाहावा. वरचा उन्नत रस्ता पाडून तो उघडा केला, हे कौतुकास्पदच. पण त्यात वाहणारे बरेचसे पाणी पंपाने आणून सोडलेले असते. दृश्य सुंदर आहे, पण नदी म्हणून ती अपुरी आहे.

अर्थात सिंगापूरची नक्कल इथे जशीच्या तशी चालणार नाही. आपल्या नद्यांत सांडपाणी मिसळते. ते वेगळे केल्याशिवाय नदीला वळणे दिली तर काठावर दुर्गंधी आणि डास तेवढे पसरतील. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी सांडपाणी, मग काठ, शेवटी बाके. दुसरी अडचण जागेची. महामार्ग ओलांडून दहिसर नदी श्रीकृष्णनगर, दौलतनगरकडे गेली, की दोन्ही बाजूंना माणसे राहतात. बाग करायची म्हणून त्यांना उठवा, हा सल्ला नदीप्रेमाचा नव्हे. नदीला जागा द्यायची तर ती कोणाची, हा प्रश्न आराखड्यात स्पष्ट विचारला गेलाच पाहिजे.

म्हणूनच राष्ट्रीय उद्यानातील काठाचे मोल मोठे आहे. तिथे नदीला अजून जागा आहे. आमच्या मते त्या उपवनातील सर्वांत उपयुक्त भाग नौकाविहाराचा तलाव नसून काहीही न बांधलेला काठ आहे. तो 'रिकामा' दिसतो म्हणून सुशोभित करण्याचा मोह होईल, तो आवरला पाहिजे. वर कान्हेरीला ज्यांनी लेणी खोदली त्यांना हे उमगलेले होते. खडकावरून ओघळणारे पाणी त्यांनी कोरलेल्या चरांतून वळवले आणि लेण्यांलगतच्या पोढींत साठवले. जिथे पडते तिथेच पाणी थोपवण्याचा तो धडा सुमारे दोन हजार वर्षे आपल्या डोळ्यांसमोर आहे.

पुढच्या सहलीला तीन ट्रेसिंग कागद जरूर न्यावेत. एकावर मुलांनी उतार दाखवावा, दुसऱ्यावर माती उघडी कुठे आणि झाकलेली कुठे ते, तिसऱ्यावर झाडांच्या खोडांवर, खडकांवर आणि पुलाच्या खांबांवर दिसणाऱ्या पुराच्या खुणा. हे काम पावसाळा संपल्यावर, पात्रात न उतरता करावे. तिन्ही कागद एकावर एक ठेवले, की नदीची खरी रुंदी दिसेल. ती सहलीच्या दिवशी दिसलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी मोठी असेल. बाक कुठे ठेवायचे, हे त्यानंतर मुलांनाच ठरवू द्यावे.