टर्नआउटच्या पलीकडे: अँझिया यांचं पुस्तक आणि महाराष्ट्रात न झालेल्या निवडणुका

शहराची निवडणूक कधी घ्यायची, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. तारीख जाहीर करायची, आचारसंहिता लावायची, झालं. सारा अँझिया यांचं 'टायमिंग अँड टर्नआउट' (2014) हे पुस्तक नेमका हाच समज मोडतं. राज्यशास्त्रात पीएचडी करू पाहणाऱ्यांनी ते वाचायलाच हवं. प्रश्न एवढाच, की त्यातलं काय उचलायचं आणि काय अमेरिकेतच ठेवायचं?

आधी पुस्तकाचं म्हणणं. अमेरिकेत अनेक शहरांच्या आणि शाळा मंडळांच्या निवडणुका देशाच्या मोठ्या निवडणुकीबरोबर होत नाहीत. त्या दिवशी मतदार कमी येतात, हे आधीपासून माहीत होतं. अँझिया पुढचा प्रश्न विचारतात: मग जे येतात ते कोण? उत्तर: ज्यांचं त्या निकालात थेट काही अडकलेलं आहे आणि जे संघटित आहेत, ते. शाळा मंडळांच्या बाबतीत शिक्षक संघटना. मतदान कमी तितकं त्यांच्या मतांचं वजन जास्त, आणि अशा ठिकाणी शिक्षकांचे पगारही जास्त दिसतात.

आता तुम्ही विचाराल, हे तारखेमुळेच कशावरून? जिथे संघटना मुळातच बळकट, तिथेच तारीख वेगळी ठेवली गेली असेल तर? शंका रास्त आहे. त्याचं उत्तर अँझिया यांच्या टेक्सासवरच्या अभ्यासात मिळतं. 2006 मध्ये तिथे आलेल्या कायद्यामुळे काही शाळा मंडळांना इच्छा नसताना निवडणूक नोव्हेंबरला न्यावी लागली. त्या मंडळांत शिक्षकांची पगारवाढ तुलनेनं कमी झाली. बदल वरून लादलेला असल्यामुळे कारण आणि परिणाम वेगळे करता येतात. रिसर्च डिझाइन म्हणजे काय, हे शिकायला हा नमुना उत्तम आहे.

पण पुस्तकाच्या दोन मर्यादा आहेत. एक, सगळ्यात भक्कम पुरावा शाळा मंडळांचा आहे. पक्षांच्या चिन्हांवर लढल्या जाणाऱ्या शहरी निवडणुकीला तो जसाच्या तसा लागू होईलच असं नाही. दोन, मतदार वाढले म्हणजे शहराच्या प्रश्नांकडे लक्षही वाढलं, असं धरता येत नाही. लॉस एंजेलिसनं 2015 मध्ये जनमतानं तारखा बदलल्या. महापौरपदाच्या 2013 च्या अंतिम फेरीत सुमारे 23 टक्के मतदान होतं, ते 2022 मध्ये 40 च्या वर गेलं. फायदा मोठाच आहे. पण एवढ्या मोठ्या मतपत्रिकेत शहराच्या जागा किती जणांनी विचार करून भरल्या, हे टर्नआउटचा आकडा सांगत नाही.

आपल्याकडे मात्र मुळातच वेगळी अडचण आहे. 'निवडणुकीची वेळ आणि टर्नआउट: मुंबईचा अभ्यास' अशी सिनॉप्सिस लिहायला सोपी. पण इथे तारीख कोणती हा प्रश्नच नव्हता, तारीखच नव्हती! घटनेचं कलम 243-यू सांगतं, मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण करायची. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. मधल्या काळात लोकसभा झाली, विधानसभा झाली, आणि पालिकेचं बजेट प्रशासकानं मंजूर केलं.

कारणं खोटी नव्हती. ओबीसी आरक्षणाचा वाद खरा होता, न्याय्यही होता. पण त्याच काळात मुंबईचे प्रभाग एका सरकारनं 227 चे 236 केले, दुसऱ्यानं परत 227 केले. प्रभाग रचनेचा अधिकार मार्च 2022 मध्ये राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे गेला. म्हणजे 'कशी' या प्रश्नाचा वाद 'कधी'चं उत्तर लांबवत राहिला. अँझिया यांचा मूळ मुद्दा, की वेळ ठरवणं हे राजकारणच आहे, इथे चपखल बसतो. त्यांचं मोजमाप बसत नाही, कारण न झालेल्या निवडणुकीला टर्नआउट नसतो.

मग मोजायचं काय? रिकामा काळ. 15 जानेवारीला 29 महापालिकांत एकाच दिवशी मतदान झालं, पण मुदती वेगवेगळ्या दिवशी संपल्या होत्या. नवी मुंबईची मे 2020 मध्ये, धुळ्याची डिसेंबर 2023 मध्ये. एका ठिकाणी दोन वर्षं, दुसऱ्या ठिकाणी साडेपाच, म्हणजे आख्खी टर्म गायब! हा फरक आज कोणी ठरवलेला नाही. आधीची निवडणूक कधी झाली होती, त्यातून तो आला. टेक्सासच्या जवळ जाणारी संधी हीच. प्रभागनिहाय खर्च, तक्रारी, बजेटचे ठराव ताडून बघा. फक्त 2020 मध्ये मुदत संपलेल्या शहरांत कोविडचा खर्च मिसळलेला आहे, तो वेगळा काढावा लागेल. आणि इचलकरंजी, जालना या नव्या महापालिका. त्यांना आधीची मुदतच नाही, त्या तुलनेतून वगळा.

कामाला सुरुवात करायची तर आधी 27 ओळींचा तक्ता करा: मुदत कधी संपली, प्रशासक कधी आला, प्रभागांची संख्या किती वेळा बदलली. लिटरेचर रिव्ह्यू त्यानंतर.