‘आता मोडलंच आहे, तर...’

नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत डबा उघडत नव्हती. आमच्या अभ्यासगटातील एका शिक्षिकेने चौकशी केली, तेव्हा ती म्हणाली, “बाई, काल लग्नात खूप खाल्लं. वजन कमी करायचंय, म्हणून आज काहीच नाही.” शाळा सुटल्यावर तीच मुलगी कोपऱ्यावरच्या गाडीपाशी दिसली. बाईंना पाहून ओशाळली आणि दुसरा वडापाव घेत म्हणाली, “आता मोडलंच आहे, तर...”

हे वाक्य आपणही कधी ना कधी उच्चारलेले असते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे उगीच रूढ झालेली नाही. या वागण्याविषयी मानसशास्त्रात एक गाजलेला प्रयोग आहे, आणि वजन कमी करण्यावरच्या लोकप्रिय लेखनात तो वारंवार सांगितला जातो. पण तो जसा सांगितला जातो, तसा आम्हाला पटत नाही. का, ते येथे मांडत आहोत.

पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांचा हा प्रयोग 1975 साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या 45 विद्यार्थिनी त्यात होत्या. त्यांना सांगितले होते की ही चवीची परीक्षा आहे. एका गटाला आधी काहीच दिले नाही, दुसऱ्याला एक मिल्कशेक दिला, तिसऱ्याला दोन. नंतर सर्वांपुढे निरनिराळ्या चवींचे आइस्क्रीम ठेवले : चव पाहा, मत नोंदवा, हवे तेवढे खा. कोणी किती खाल्ले हे मागाहून गुपचूप मोजले. प्रत्येकीला खाण्यावर बंधन घालण्याची कितपत सवय आहे, हे एका प्रश्नावलीने ठरवले.

बंधन न पाळणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. पोट भरलेले असल्यावर कोणीही हेच करील. बंधन पाळणाऱ्यांचे मात्र उलटे झाले. मिल्कशेक न घेता त्यांनी जेवढे खाल्ले असते, त्याहून मिल्कशेक घेतल्यावर जास्त खाल्ले! पुढे 1976 मध्ये जॅनेट पोलिव्ही यांनी दाखवले की, अशा व्यक्तींच्या बाबतीत आधीच्या खाण्यात प्रत्यक्ष उष्मांक किती होते यापेक्षा ते किती होते असे त्यांना वाटले, याला अधिक महत्त्व असते. म्हणजे घडते ते पोटात नव्हे, डोक्यातल्या हिशेबात. दिवसाचा नियम एकदा मोडला की उरलेला दिवस हिशेबाबाहेर जातो. हर्मन आणि पोलिव्ही यांनी पुढे याला ‘व्हॉट द हेल’ परिणाम असे नाव दिले. आपल्या भाषेत, ‘जाऊ दे, आता मोडलंच आहे’.

प्रयोगाची रचना कौतुकास्पद आहे. खरा हेतू लपवला नसता तर मुली सावधपणे खाल्ल्या असत्या. नियंत्रित गट कशासाठी असतो हे वर्गात समजावून देण्यासाठी याहून रुचकर उदाहरण सापडणार नाही. आमची हरकत आहे ती त्यातून काढल्या जाणाऱ्या नियमाला : ‘एकदा घसरलात की घसरतच जाणार.’

पहिली गोष्ट, 45 जणी तीन गटांत वाटल्या आणि प्रत्येक गटाचे पुन्हा दोन भाग केले, की एका भागात साधारण सात-आठ जणी उरतात. एवढ्यावर माणसाच्या स्वभावाचा कायदा लिहिता येत नाही. दुसरी गोष्ट, मिल्कशेक कोणाला द्यायचा हे संशोधकांच्या हातात होते, पण बंधन पाळण्याची सवय मुली घरूनच घेऊन आल्या होत्या. तेव्हा बंधनामुळे जास्त खाणे होते, की ज्यांना जास्त खाण्याची ओढ असते त्याच बंधन घालून घेतात, हे या प्रयोगातून ठरत नाही. तिसरी गोष्ट, नियम त्यांनी आपखुशीने मोडलेला नव्हता, तो प्रयोगकर्त्याने मोडायला लावला होता. लगेच पुढ्यात फुकटचे आइस्क्रीम आणि ‘हवे तेवढे खा’ अशी आज्ञा. आपले रोजचे आयुष्य असे नसते.

मग रोजच्या आयुष्यात काय होते? जॅनेट टोमियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली नेमके हेच तपासले. आहारावर बंधन घालणाऱ्या व्यक्तींनी आपापल्या दिनक्रमात राहून खाण्याच्या नोंदी ठेवल्या. नियम मोडल्यानंतर त्यांनी सपाटून खाल्ले, असे आढळले नाही. नोंदी ज्याने त्याने स्वतः ठेवलेल्या असल्याने त्यांतही चुका असणार, हे मान्य. तरीसुद्धा, घसरगुंडी अटळ आहे हा समज त्यामुळे डळमळीत होतो. बरीच माणसे पुढच्या जेवणाला आपोआप रुळावर येतात. त्याचा गाजावाजा होत नाही, इतकेच.

आता त्या मुलीकडे वळू. तिला घाबरवले ते बहुधा वजनकाट्याने. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी काटा किलोभर पुढे गेलेला दिसणे नवलाचे नाही. पण हिशेब करून पाहा. एक किलो चरबीच्या साठ्यात सुमारे 7,700 किलोकॅलरी असतात. लग्नात नेहमीपेक्षा 1,000 किलोकॅलरी जास्त गेल्या असे धरले, आणि त्या सगळ्यांची चरबी झाली असे मानले, तरी ती 130 ग्रॅमच्या आसपास भरते. उरलेले वजन कशाचे? आतड्यांतल्या अन्नाचे आणि मुख्यतः पाण्याचे. खारट पदार्थांमुळे शरीरात पाणी धरून ठेवले जाते. पिष्टमय पदार्थ ग्लायकोजेनच्या रूपात साठतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. हे वजन दोन-चार दिवसांत नेहमीच्या जेवणानेच उतरते. वर्गात पडताळायचे असेल, तर काट्यावर उभे राहून वजन पाहा, अर्धा लिटर पाणी प्या आणि पुन्हा पाहा. अर्धा किलो वाढला, उष्मांक मात्र शून्य. (हा प्रयोग शिक्षकाने स्वतःवर करावा. मुलांची वजने चारचौघांत घेऊ नयेत.)

तेव्हा कडक उपास हे ज्या दुखण्यावरचे औषध, ते दुखणे बरेचसे पाण्याचेच आहे. आणि औषध निरुपद्रवी नाही. ॲन्सेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवले होते. ते सगळे स्वेच्छेने आलेले, निश्चयी लोक. तरी दिवसरात्र त्यांच्या मनात अन्नच घोळू लागले, आणि बंधन उठल्यावर त्यांतले काही जण पोट भरूनही खातच राहिले. एका दिवसाचा उपास आणि ही उपासमार यांत अंतर आहे हे आम्ही जाणतो. पण उपाशी शरीर अन्न मागते, तो मनाचा दुबळेपणा नव्हे, एवढे त्यातून नक्कीच शिकावे.

लोकप्रिय लेखांतला ‘घसरलात की संपलात’ हा इशारा आणि त्या मुलीचे ‘आता मोडलंच आहे’ हे एकाच समजुतीतून येतात : एका जेवणाने सगळे ठरते. तसे ते ठरत नाही. वजन ठरते ते महिनोन्‌महिन्यांच्या खाण्याने आणि हालचालीने. म्हणून जास्त खाणे झाले की प्रायश्चित्त नको, पुढचे जेवण वेळेवर आणि नेहमीएवढे घ्यावे. वाढत्या वयातल्या मुलांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वजन कमी करण्याच्या फंदात पडूच नये. एखादे मूल वारंवार डबा टाळत असेल, लपून खात असेल किंवा खाल्लेले ओकून टाकत असेल, तर पालकांशी हलक्या आवाजात बोलावे आणि डॉक्टरांकडे पाठवावे.

आमच्या शिक्षिकेने दुसऱ्या दिवशी त्या मुलीला उपदेश केला नाही. मधल्या सुट्टीत आपला डबा घेऊन तिच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “उघड गं, काय आणलंयस बघू.” डब्यात पोळी आणि मटकीची उसळ होती. तिने ती खाल्ली.