धुण्याआधीचा ट्रॅक्टर

जुना ट्रॅक्टर विकायचा ठरला की मालक पहिल्यांदा तो धुवून काढतो. मग रिंगांना चंदेरी रंग, टायरांना काळं तेल, बॉनेटवर नवं स्टिकर. एवढं झालं की गिऱ्हाईक बोलावलं जातं आणि वाचण्यासारखं जे काही होतं ते पाण्याबरोबर गटारात गेलेलं असतं. म्हणून यंत्राची गोडी असणाऱ्यानं धुण्याआधी जावं. चिखल कुठं साचलाय, तेल कुठून ओघळलंय, त्या ओघळावर धूळ किती जुनी आहे, कुठलं लोखंड वापरून वापरून उजळलंय आणि कुठलं कित्येक वर्षं हललेलंच नाही, हे सगळं तेव्हाच दिसतं. तासांचं मीटर बहुधा बंद असतं. चालू असलं तर जास्त संशय घ्यावा.

कळंब्यात हे वाचन कशासाठी करायचं ते आधी सांगायला हवं. गारगोटी रस्त्यानं कोल्हापूर शहर इथल्या तलावापर्यंत आलं आणि तिथं न थांबता पुढं गेलं. आता दहा-बारा जनावरांचा गोठा दोन बंगल्यांच्या मध्ये सापडतो, आणि त्याची वैरणीची पट्टी कात्यायनीच्या किंवा गिरगावच्या अंगाला असते. दूध सकाळ-संध्याकाळ गावच्या दूध संस्थेत जातं, तिथून गोकुळ दूध संघाकडं. 1963 पासून जिल्ह्याचा दिवस ह्याच दोन वेळांत वाटला गेलाय. पण दुधाला ट्रॅक्टर लागत नाही, किटली मोटारसायकलवरून जाते. ट्रॅक्टर लागतो तो म्हशीच्या एका टोकाला जे घालायचं त्यासाठी आणि दुसऱ्या टोकानं जे निघतं त्यासाठी.

त्याचा हिशेब करून बघावा. मोठं जनावर दिवसाला वीस-पंचवीस किलो हिरवी वैरण खातं आणि पंधरा-वीस किलो शेण टाकतं. दहा जनावरांची महिन्याची वैरण सहा-सात टन, शेण पाच टनांच्या आसपास. ट्रॉलीच्या भाषेत ह्या मूठभर खेपा झाल्या. त्याशिवाय एखादा एकर रोटर मारायचा, मका पेरायचा, लाईट गेल्यावर कडबाकुट्टी पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालवायची. हे काम ताकदीचं नाही. रिव्हर्स घ्या, थांबा, उचला, ठेवा, बोळातून काढा, अशा नेटाचं काम आहे. तरी लोक पन्नास अश्वशक्तीचा शोधत फिरतात. मला त्यात दारापुढं उभा करायची हौसच जास्त दिसते. तीस ते छत्तीस अश्वशक्ती ह्या कामाला भरपूर झाली.

गिरगावच्या बाजूला एका शेडमध्ये पाहिलेला मॅसी 1035 ह्या मापात बसत होता. तीन सिलिंडर, छत्तीस अश्वशक्ती, एमएच-09, आणि मुख्य म्हणजे न धुतलेला. सोबत उद्यमनगरातले एक मिस्त्री होते. ते शेडमध्ये शिरले आणि ट्रॅक्टरच्या तोंडाकडं न बघता थेट मागं गेले. रीत तीच आहे. पुढं नाव असतं, मागं काम असतं.

मागं हुकाचं भोक बघायचं. आपल्या जिल्ह्यात जुन्या ट्रॅक्टरला पहिला प्रश्न एकच: उसाला होता का? गळीत हंगाम लागला की मागं दोन-दोन ट्रॉल्या लावून हेच ट्रॅक्टर बिद्रीच्या, परितेच्या, कसबा बावड्याच्या साखर कारखान्याला रात्री-अपरात्री पळतात. त्या चार-पाच महिन्यांत क्लच प्लेट, ब्रेक लायनर आणि पुढचा एक्सल शेतातल्या कित्येक वर्षांएवढे झिजतात. तो ताण हुकाच्या भोकात उमटतो. गोल भोक ओढीच्या दिशेनं लांबट होत जातं, पिन आत खडखडते. काहीजण तिथं वेल्डिंग भरून पुन्हा गोल करतात, पण वेल्डिंगचा पोत मूळ लोखंडाच्या पोताशी कधीच जुळत नाही. ह्या मॅसीचं भोक गोल होतं, पिन बेताची सैल.

मग मिस्त्रींनी मडगार्डवर बोट ठेवलं. तिथं पुट्टीनं बुजवलेली चार भोकं होती. उसाच्या ट्रॅक्टरवर गाण्याचे केवढे डबे बांधलेले असतात ते आपण दर हिवाळ्यात ऐकतोच. भोकं त्याच मापाची दिसत होती.

"टेप होता काय हो मालक?"

"व्हता की. तरणं पोरगं हाय घरात, दुसरं काय!"

हे उत्तर खरं मानायचं की नाही, ते पायाखालचं लोखंड सांगतं. ट्रॅक्टरला उजव्या बाजूला ब्रेकचे दोन पेडल असतात, एकेका चाकाला एक. शेतात बांधाशी वळताना चालक आतल्या बाजूचा एकच दाबतो. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल पट्टीनं जोडून ठेवावे लागतात, नाहीतर ट्रॅक्टर एकीकडं ओढून कलंडतो. म्हणजे रस्त्यावर आयुष्य गेलेल्या ट्रॅक्टरची जोडपट्टी झिजून चकाकते आणि दोन्ही पेडलांची झीज सारखी असते. इथं जोडपट्टीवर गंज होता, आणि डावा पेडल उजव्यापेक्षा स्पष्ट जास्त गुळगुळीत झाला होता. हा गडी बांधाबांधानं डावीकडं वळत आलेला होता. टेप पोराचाच.

मागच्या टायरांचीही तीच साक्ष. रस्त्यावर पळालेल्या टायराचे गट्टू मधोमध सपाट होतात. शेतातल्या टायराचे गट्टू उंची टिकवतात, पण कडांना दगडानं टवके उडतात. उजव्या टायराच्या बगलेवर आडव्या घासणीच्या रेषा होत्या. साधा नांगर मारताना उजवी चाकं आधीच्या तासातून चालतात, बगल मातीच्या भिंतीला घासत जाते, त्याच्या ह्या रेषा. रिंगांच्या खालच्या कडेला आणि पाय ठेवायच्या पत्र्याला मात्र गंजानं पापुद्रे धरले होते. पावसाच्या पाण्याचा गंज वरून सुरू होतो, हा खालून वर चढलेला होता. शेणा-मुताच्या चिखलात उभ्या राहणाऱ्या लोखंडाला असा गंज धरतो. म्हणजे हा आधीही गोठ्याचाच होता. गिऱ्हाईक गंज बघून नाक मुरडतं, मला मात्र तो ह्या यंत्राचा सर्वांत चांगला दाखला वाटला. जुना ट्रॅक्टर निवडताना कमी वापरलेला शोधण्यापेक्षा आपल्याच कामात झिजलेला शोधावा. त्याची झीज कुठं असणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं.

चावीला हात लावण्याआधी इंजिनाला हात लावायचा. कोमट लागलं तर मालकानं तुम्ही येण्याआधी गरम करून ठेवलंय, त्या दिवशी परत फिरावं. थंड इंजिनाचा पहिला सेल खोटं बोलत नाही. ह्यानं थोडा वेळ घेतला, पांढऱ्या धुराची एक गुंडाळी सोडली आणि धरलं. पांढरा धूर लगेच विरला तर काळजी नाही. निळा टिकून राहिला तर ऑइल जळतंय. ओढीला काळा आला तर हवा कोंडलीय किंवा डिझेल जास्त जातंय, आणि हा त्यातला सर्वांत स्वस्त आजार.

तीन सिलिंडरचा आवाज मला चारापेक्षा आवडतो. चार सिलिंडरमध्ये स्फोट एकमेकांत मिसळून एकसंध गुरगुर होते. तिनात प्रत्येक ठोका सुटा राहतो. सहाशेच्या फेऱ्यांवर मिनिटाला नऊशे, सेकंदाला पंधरा. कानाला मोजता येत नाहीत, पण त्यांतला एक लंगडला तर लगेच कळतं. मिस्त्रींनी पाना घेऊन एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित ढिला केला. पहिला ढिला केल्यावर इंजिन अडखळलं, तिसऱ्यालाही अडखळलं. दुसऱ्याला फरक जवळजवळ पडला नाही. मधला सिलिंडर आपला वाटा उचलत नव्हता. नोझल काढून तपासायचं, एवढंच काम. ऑइल भरायचं झाकण काढून तळहात धरला तर वाफेचा दाब बेताचा होता. लायनर-पिस्टन गेले असते तर तिथून भाता चालल्यागत हवा आली असती.

नंतर एअर क्लीनरची वाटी सोडवली. जुन्या 1035 ला ऑइलमधून हवा गाळणारी वाटी असते. ती साफ करायला पैसा लागत नाही, फक्त हात घाण होतात. म्हणून मालक कसा आहे हे कळायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही. तळाशी गाळाचा बोटभर थर सापडला तर बाकीचं बघायची गरज राहत नाही. इथं ऑइल काळं होतं पण पातळ, गाळ नावापुरता.

आता उचल. ह्या ट्रॅक्टरच्या रसिकानं रेंगाळावं अशी जागा हीच. मॅसी फर्ग्युसन ह्या जोडनावातला दुसरा माणूस हॅरी फर्ग्युसन, आयर्लंडचा. त्याच्या काळात नांगर ट्रॅक्टरच्या मागं नुसता ओढला जायचा. फाळ दगडाला अडकला की चाकं अडायची, इंजिन थांबायचं नाही, आणि पुढचं तोंड उचलून ट्रॅक्टर चालकावरच उलटायचा. फर्ग्युसननं औजार तीन ठिकाणी जोडलं: खाली दोन हात, वर एक टॉप लिंक. अडकलेला नांगर आता टॉप लिंकमधून ट्रॅक्टरला पुढं ढकलतो, तोंड दाबून धरतो. त्याहून सुंदर गोष्ट ह्या दाबाचा पुढं केलेला उपयोग. माती कडक लागली की टॉप लिंक एका स्प्रिंगला दाबते, स्प्रिंग व्हॉल्व्ह हलवते, हायड्रॉलिक नांगराला किंचित वर घेतं, माती मऊ लागली की परत खाली सोडतं. नांगराचं वजन मागच्या चाकांवर येतं, म्हणून हलका ट्रॅक्टरही माती धरतो. 1938 मध्ये त्यानं हेन्री फोर्डशी ह्यावर नुसत्या हस्तांदोलनावर करार केला. 1947 मध्ये तो मोडला, कज्जा झाला आणि 1952 मध्ये फर्ग्युसनला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. पुढच्या वर्षी त्याची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये मिसळली. आपल्याकडं चेन्नईच्या टॅफेनं 1960 पासून ही परंपरा चालवली. आज कुठल्याही रंगाचा ट्रॅक्टर घ्या, मागं ह्याच माणसाची तीन टोकं असतात.

पण गोठेवाल्यानं ह्या गोष्टीला भुलू नये. त्याचा नांगर वर्षातून दोनदा चालतो. त्याला हवी ती दुसरी सोय: औजार ठेवलं त्या उंचीवर राहणं. रोटर जोडून अर्ध्यावर उचलला आणि लिव्हर सोडली. मिनिटभर तो हलला नाही, मग एकदा खाली झुकून स्वतःच वर आला. थोड्या वेळानं परत. आत कुठंतरी सील गळतंय, गळालेलं भरून काढायला पंप उचकी देतोय. इंजिन बंद केल्यावर रोटर हळूहळू जमिनीला टेकला. दुरुस्ती मोठी नाही, पण ती किमतीत मांडायची. दुसरी अडचण मूळ रचनेतलीच. हा एका क्लचचा ट्रॅक्टर होता. क्लच दाबला की चाकं, पीटीओ आणि उचल तिन्ही थांबतात. जागेवर उभं राहून कडबाकुट्टी चालवायला त्याचं काही नाही, रोटर मारताना मात्र दोन क्लचवाला सवय लावून गेला असेल तर चिडचिड होते. आणि एक गोष्ट बजावून सांगायची: अडकलेली गाडी टोचन करायला साखळी टॉप लिंकच्या जागी कधी बांधू नये. फर्ग्युसननं जे उलटणं थांबवलं ते तिथून ओढलं की परत सुरू होतं.

इतरांबद्दल थोडक्यात. महिंद्राचा 265 तीस अश्वशक्तीचा, मिस्त्री आणि भाग कुठंही मिळतात, मॅसी चांगला मिळाला नाही तर डोळे मिटून हा घ्यावा. स्वराज 724 बद्दल मला आदर आहे. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेच्या आराखड्यावर 1974 मध्ये तो पंजाबात उभा राहिला, साधा आणि निगुतीचा. पण चढाला भरलेली शेणाची ट्रॉली घेऊन जायचं तर दमतो. एचएमटी पिंजोरचा, झेटरच्या वंशातला, लोखंड अस्सल. कारखाना बंद पडल्यापासून भागांसाठी फिरावं लागतं. उद्यमनगरात काहीही घडवून मिळतं हे खरं, पण दर वेळी लेथवाल्याच्या दारात उभं राहण्याइतका वेळ गोठ्यात कुणाला असतो? पंधरा अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर बोळात झकास वळतात. पाचगाव-गिरगावच्या उतारावर मात्र भरलेली ट्रॉली त्यांनाच ढकलत खाली आणते, म्हणून मी ते सुचवत नाही.

वडगावच्या बाजारात म्हशीचे दात आणि कास बघून झाली की भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो. ट्रॅक्टरचा भाव उघड्यावर, मिस्त्रीच्या तोंडानं होतो, आणि त्याआधी कागद. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची, उमटलेले आकडे आरसी बुकाशी ताडायचे. इंजिन नंबर वेगळा निघाला तर बदललेल्या इंजिनाची नोंद मागायची. नोंदणीची पंधरा वर्षं उलटली असतील तर नूतनीकरण झालंय का बघायचं. बँकेचं कर्ज होतं तर फॉर्म 35, नाव बदलायला 29 आणि 30. निपाणी-चिकोडीकडचा केए-23 स्वस्त पडतो म्हणून आणला तर 28 नंबरचा ना-हरकत दाखला हातात आल्याशिवाय इसार देऊ नये.

मिस्त्रींनी मोठ्यानं मांडणी केली: मधलं नोझल, उचलीचं सील, मागचे टायर एखादं वर्ष जातील, रिंगांना आतून रंग. इंजिनाला आणि गिअर बॉक्सला हात लावायची गरज नाही.

"तेवढं वजा करा मालक, इथंच इसार देतो."

"वजा करतो की. ट्रॉली बी संगं घेनार न्हवं?"

"घेतो. तिचं पुस्तक वेगळं असतंय, ते कुठाय?"

मालकानं घराकडं तोंड करून हाक मारली आणि ट्रंक उघडायला सांगितली. व्यवहार तिथं अडलाय. भाव जुळलाय, ट्रॉलीचं पुस्तक अजून सापडायचंय.