पर्यायी स्मृतिचिप आणि जुन्या संगणकाचे मूळपण

नवी मुंबई वसविण्यासाठी सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंटेल कंपनीने ‘११०३’ ही १,०२४ बिटांची स्मृतिचिप बाजारात आणली, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील टिफ्रॅकसारखी यंत्रे ज्या चुंबकी कड्यांच्या स्मृतीवर चालत, तिचा काळ सरू लागला. हा केवळ योगायोग आहे; परंतु तो एका तुलनेला उपयोगी पडतो. वाशीतील सिडकोच्या जुन्या इमारती पाडून त्या जागी नव्या उभ्या राहतात, तेव्हा ‘इमारत तीच आहे’ असे कोणी म्हणत नाही. जुन्या संगणकाच्या सॉकेटात मात्र परकी चिप बसवून तो चालू केला, की ‘मूळ यंत्र चालू स्थितीत’ अशी पाटी निःसंकोचपणे लावली जाते. या पाटीची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

प्रश्नाचा गाभा ‘४११६’ या चिपच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. १६,३८४ बिटांची ही सोळा पिनांची चिप १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली व पुढे अनेक घरगुती संगणकांत वापरली गेली. १९८२ च्या सिंक्लेअर स्पेक्ट्रममध्ये पहिल्या १६ के स्मृतीसाठी अशा आठ चिपा असत. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याने काढलेला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ याच घराण्यातला. ४११६ला तीन वीजदाब लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५ व्होल्ट. त्यातही उणे ५चा दाब आधी यावा व शेवटी जावा, असा दंडक आहे. तो दाब मध्येच तुटला तर चिप जळण्याचा संभव असतो. स्पेक्ट्रममध्ये उणे ५ आणि अधिक १२ हे दाब यंत्रातच एका छोट्या मंडलाने तयार केले जातात. ते मंडल बिघडले की त्याबरोबर स्मृतीही जाते.

येथे ‘४१६४’ ही चिप पुढे येते. तिची क्षमता चौपट, पिना तितक्याच सोळा, आणि गरज केवळ अधिक ५ व्होल्टची. बहुतेक पिना जुळतात. अडचण तीन ठिकाणी आहे. ४११६च्या आठव्या पिनेवर १२ व्होल्ट येतात, तर ४१६४ तेथे ५ व्होल्टची अपेक्षा करते. नवव्या पिनेवर जुन्या चिपला ५ व्होल्ट मिळत. नव्या चिपची ती पिन ए-७ ही पत्त्याची आठवी रेषा आहे. पहिल्या पिनेवरचे उणे ५ व्होल्ट ४१६४ला नकोत. यावरचा उपाय मोठा मार्मिक आहे. चिपची आठवी पिन वाकवून सॉकेटाबाहेर ठेवावयाची आणि तारेने नवव्या पिनेला डाखवावयाची. सॉकेटातील नवव्या छिद्रातले ५ व्होल्ट मग चिपला पुरवठा म्हणूनही मिळतात आणि ए-७ ही रेषा कायमची ‘एक’वर धरून ठेवतात. ओळ आणि स्तंभ या दोहोंच्या पत्त्यांतील एकेक बिट असा गोठल्यामुळे ६५,५३६ पैकी बरोबर १६,३८४ बिट उरतात. तीन चतुर्थांश चिप निद्रिस्त राहते, आणि यंत्राला त्याचा पत्ता लागत नाही. काही उत्पादकांच्या ४१६४मध्ये पहिल्या पिनेला स्वतंत्र कार्य असते. तेव्हा तीही सॉकेटाबाहेर ठेवलेली बरी.

हीच अदलाबदल दुसऱ्या मार्गानेही करतात. चिपला हात न लावता मंडलपट्टीवरची १२ व्होल्टची वाट तोडून तेथे ५ व्होल्ट जोडले जातात. काम सोपे होते, आठही चिपा एकदम बदलता येतात. म्हणून दुरुस्ती करणारे या मार्गाची भलामण करतात. ती स्वीकारता येणार नाही. वाट तोडलेल्या पट्टीत पुन्हा ४११६ बसविता येत नाही. पर्यायाच्या सोयीसाठी मूळच बदलले जाते. पिन वाकविलेली चिप, किंवा वायरिंग फिरवून देणारे मधले सॉकेट, काढून घेतले की यंत्र पूर्ववत होते. शिवाय आठांपैकी एकच चिप गेली असेल तर एकच बदलावी लागते व उरलेल्या सात जुन्या साक्षीदार म्हणून जागेवर राहतात.

याच्या उलट टोकाला शुद्धतावादी उभे आहेत. त्यांना त्याच काळातली ४११६च हवी. ती मिळविण्यासाठी लॅमिंग्टन रोड पालथा घालण्यास हरकत नाही. पण जुन्या चिपांवरील अक्षरे खोडून नवी छापण्याचा उद्योगही जुनाच आहे, हे ध्यानात असावे. दुसरे असे की स्पेक्ट्रमचे ‘मूळ’ तरी किती निर्मळ होते? त्याच्या वरच्या ३२ के स्मृतीसाठी वापरलेल्या चिपा म्हणजे एक अर्धा भाग सदोष निघालेल्या ६४ के चिपा होत्या. कोणता अर्धा भाग चांगला, हे सांगण्यासाठी मंडलपट्टीवर तारेचा एक दुवा ठेवलेला असे. अर्धी चिप झोपवून काम भागविण्याची युक्ती कारखान्यातच सुरू झाली होती. तिचाच कित्ता गिरविणाऱ्या दुरुस्तीला अशुद्ध ठरविण्यात स्वारस्य नाही.

पर्यायाची परीक्षा नावावरूनही होत नाही. काही ४१६४ चिपांना दोन मिलिसेकंदांत १२८ ओळींचे पुनर्भरण पुरते, काहींना चार मिलिसेकंदांत २५६ ओळींचे. झेड-८० प्रक्रियकाचा पुनर्भरण-गणक सातच बिट पुढे सरकतो, म्हणजे १२८ ओळी. ए-७ गोठलेली असताना हा भेद जाणवत नाही; पूर्ण ६४ के वापरावयाचे असेल तेथे मात्र, वेगळी सोय नसल्यास, दुसऱ्या प्रकारच्या चिपेतील मजकूर विरून जातो.

येथवरची चर्चा रॅमची झाली. रॅम ही पुसलेली पाटी. वीज गेली की तीत काहीच उरत नाही, म्हणून ती बदलताना मजकूर हरवत नाही. रॉमची गोष्ट निराळी. कमोडोर-६४मधील चोवीस पिनांच्या ‘२३६४’ रॉमऐवजी अठ्ठावीस पिनांची ‘२७६४’ ईप्रॉम बसविताना पत्त्याच्या रेषा फिरवून देणारे मधले सॉकेट लागते. ते सहज बनते. परंतु मूळ रॉममधला मजकूर कारखान्यात कायमचा कोरलेला असतो, तर ईप्रॉममधला विद्युत्भाराच्या रूपाने साठविलेला आणि काही दशकांनी ओसरणारा. तेव्हा काढलेली रॉम मृत दिसली तरी टाकून देणे हा अक्षम्य हलगर्जीपणा होय.

भांडारकर संस्थेच्या महाभारतात डॉ. सुकथनकरांनी अनिश्चित पाठाखाली नागमोडी रेघ दिली. वाचकाला पाठ मिळतो आणि त्याची शंकास्पदताही कळते. जुन्या यंत्राच्या नोंदवहीत अशा रेघेला स्थान असले पाहिजे: कोणत्या सॉकेटातील कोणती चिप काढली, तिच्या जागी कोणत्या उत्पादकाची बसविली, कोणती पिन वाकविली, पट्टीवर काही तोडले काय, आणि काढलेली चिप कोठे ठेवली. ४१६४चे उत्पादनही आता थांबलेले आहे. उद्या तिच्या जागी स्थिर स्मृतीचे छोटे मंडल बसवावे लागेल, आणि ते बसविणाऱ्यास नवव्या पिनेवरच्या त्या तारेचा अर्थ नोंदवहीतूनच कळावयाचा आहे.